सात वर्षांची बॅटरी

शरणपूर रोड, नाशिक
८ जून

प्रिय मोहिनी,

सलाम.

सहा वर्षांनी पत्र लिहिते आहे, तेव्हा सुरुवात गंभीर विषयानेच केली पाहिजे. या वर्षी आपल्या घरात कैरीचं लोणचं घातलेलं नाही.

हसू नकोस. बावन्न वर्षांच्या बाईला रोज संध्याकाळी मुगाची खिचडी नुसत्या पापडाबरोबर गिळावी लागते, हा अन्याय आहे आणि त्याची दाद कुठे मागायची ते मला ठाऊक नाही. मी पाच किलो कैऱ्या बाजारातूनच फोडून आणल्या होत्या. मसाला आणला होता, बरणी उन्हात ठेवली होती. पप्पांनी दारात पिशवी बघितली आणि म्हणाले, "हे कशाला? लोणचं मुरेपर्यंत आपण इथं असणार आहोत का?"

मला वाटलं, कुठे गावाला जायचं ठरलंय. "कुठे जायचंय?" म्हणून विचारलं तर त्यांनी एक बोट छताकडे केलं. आपल्या वर फक्त गच्ची आहे, त्यामुळे त्यांना काय म्हणायचंय ते कळायला मला जरा वेळ लागला. कैऱ्या शेवटी समोरच्या कुसाबाईंना दिल्या. त्या आठवड्यातले पाच दिवस उपास करतात. म्हणजे लोणच्याची तिथेही परवडच.

आता मुद्द्यावर येते. तू मला फोनवर ब्लॉक केलं आहेस आणि पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, म्हणून हा कागद.

गेल्या नाताळापासून पप्पा दर गुरुवारी गंगापूर रोडच्या एका हॉलमधल्या फेलोशिपला जातात. तिथे ब्रदर हर्षल म्हणून एक चौतीस वर्षांचा मुलगा शेवटच्या काळाबद्दल शिकवतो. त्याचं म्हणणं असं, की प्रभू लवकरच येणार, खऱ्या विश्वासणाऱ्यांना जिवंतच वर उचलून घेणार. हातातलं काम हातात राहील, अंगातले कपडे खुर्चीवर पडतील, आणि माणूस गेलेला असेल. जे मागे उरतील त्यांच्यावर सात वर्षांचं महासंकट. त्यानंतर प्रभूचं हजार वर्षांचं राज्य, आणि मग न्याय. पप्पांनी याचा तक्ता काढून फ्रिजवर लावला आहे. दुधाचं कार्डही त्यातच अडकवलेलं आहे.

हे सगळं मी मजेत चालवून घेतलं असतं. विनोदी सदर लिहिणाऱ्या बाईला असा बाप म्हणजे पेन्शन. पण पप्पा मे महिन्यात दोनदा चक्कर येऊन पडले. एकदा बाथरूममध्ये, एकदा रस्त्यात. डॉक्टरांनी नाडी मोजली तर अडतीस. म्हणाले, पेसमेकर बसवायलाच हवा, ऑपरेशन छोटं आहे, पण लांबवू नका, तिसरी चक्कर शेवटची असू शकते. बॅटरी दहा वर्षं चालते.

"दहा वर्षं?" पप्पा म्हणाले. "डॉक्टर, तुम्ही पेपर वाचत नाही का?"

आणि सही न करता उठून आले. त्यांचं साधं गणित आहे. मी मरणारच नाही, मला जिवंत नेणार आहेत, तर मरण टाळायचं ऑपरेशन कशाला? सही केली तर विश्वास कमी पडला असा त्याचा अर्थ होतो.

मोहिनी, हा माणूस एकतीस वर्षं एसटीच्या सीबीएस स्टँडवर कंट्रोलर होता. गाडी फाटकातून आत आलेली डोळ्यांनी दिसल्याशिवाय माइकला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. लोक विचारून विचारून जीव काढायचे, "पेठ गाडी कधी?" हे म्हणायचे, "दिसली की सांगतो." तोच माणूस आता कुणालाच न दिसलेली गाडी पुकारत बसला आहे.

मी आपल्या पाळकसाहेबांना गाठलं. आपल्या चर्चमध्ये हे उचलून नेण्याचं प्रकरण कधी कुणी शिकवलेलं मला आठवत नव्हतं. ते म्हणाले, "छायाताई, प्रभू येणार हे खरं. पण त्याआधी वेस्ट्रीचं, माझ्या झगा बदलायच्या खोलीचं छत गळतंय, त्याचं बघू."

म्हणून तुला विचारते. तू लग्न करून कॅथलिक झालीस त्याला वीस वर्षं झाली. तुमच्यात जगाच्या शेवटाबद्दल काय सांगतात? तुमचे फादर लोकांना उचलून नेतात की नाही? मी चेष्टा करत नाही. म्हणजे, सवयीने थोडी करते, पण मला खरंच जाणून घ्यायचं आहे. पप्पांना वादात हरवायला मला एखादा मुद्दा हवा आहे आणि आपल्या बाजूचे सगळे संपले.

पास्कलरावांना सलाम.

तुझी ताई,
छाया

ता.क. आपलं जे काही बिनसलं ते पप्पांचं आणि तुझं होतं, तरी मला ब्लॉक का केलंस हे मी विचारत नाही.


शरणपूर रोड
२२ जून

प्रिय मोहिनी,

तुझं पत्र मिळालं. तीन वाक्यांना पत्र म्हणायचं की नाही यावर मी दोन दिवस घालवले. "आमच्यात तारीख नसते. ती हजार वर्षं चालूच आहेत. पप्पांचे रिपोर्ट पाठव."

रिपोर्टच्या झेरॉक्स सोबत आहेत. तारीख नसते हे समजलं. पण ते मधलं वाक्य मला काही केल्या सोडेना. शेवटी मी रविवारी नाशिकरोडला जाऊन तुमच्याच एका म्हाताऱ्या सिस्टरना धरलं. त्या बागेत नळी घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, तो हजार आकडा मोजायचा नसतो, तो भरपूर या अर्थाचा आहे. प्रभू उठला तेव्हाच त्याचं राज्य सुरू झालं, आपण त्याच्या आत आहोत. शेवटी तो एकदाच येईल, मेलेले उठतील, सगळ्यांचा न्याय होईल. कुणाला आधी गुपचूप काढून न्यायचं, बाकीच्यांना ठेवायचं, असं काही नाही.

मी म्हटलं, "सिस्टर, म्हणजे गंगापूर रोडचं ट्रॅफिक, कांद्याचा भाव, आमच्या सोसायटीची मीटिंग, हे सगळं त्या राज्यातच मोडतं?"

त्या म्हणाल्या, "मग? तुम्हाला काय, राज्य आल्यावर मीटिंग बंद होतात असं वाटलं?"

मला त्या बाई आवडल्या. हर्षलचं राज्य जास्त स्वच्छ आहे, तुमचं जास्त ओळखीचं वाटतं.

परत आल्यावर पप्पांना सांगितलं, "मोहिनी म्हणते, हजार वर्षं चालूच आहेत."

ते म्हणाले, "तिला सांग, चालू असती तर मला कळलं असतं. मी रोज इथंच असतो."

मग थोड्या वेळाने, पेपरातून डोकं वर न काढता, "अक्षर अजून तसंच काढते का? डावीकडे पडलेलं?" मी पाकीट पुढे केलं. त्यांनी घेतलं, पत्त्यावरून अंगठा फिरवला, आणि परत दिलं. आतलं वाचलं नाही.

नंतर मी सरळ हर्षललाच भेटायला गेले. भांडायच्या तयारीने गेले होते, तीनचार वाक्यं पाठ केली होती. मोहिनी, तो चांगला मुलगा आहे. माझी फार निराशा झाली. त्याने चहा केला, साखर विचारली, आणि पप्पांच्या ऑपरेशनचं ऐकून हादरला. म्हणाला, "ताई, मी त्यांना कधीच नको म्हटलं नाही. उलट सांगितलं, करून घ्या. प्रभू आज येईल असं जगायचं, आणि शंभर वर्षं येणार नाही अशी तयारी ठेवायची." भिंतीवर एका नव्या इमारतीचं चित्र होतं. म्हटलं, हे काय? तो जरा लाजला. "फ्लॅट बुक केलाय. ताबा डिसेंबर दोन हजार अठ्ठावीसला आहे."

हे मी पप्पांना सांगितलं. मला वाटलं, आता तरी विरघळतील. ते म्हणाले, "हर्षलचा विश्वास अजून कोवळा आहे."

म्हणजे गुरूच्या पुढे गेलेला शिष्य घरात बसला आहे आणि त्याची नाडी काल सदतीस होती. तुला अजून एखादं वाक्य सुचलं तर पाठव. चौथं चालेल.

छाया


शरणपूर रोड
९ जुलै

प्रिय मोहिनी,

आधी ठळक बातमी. पप्पा ठीक आहेत, मी ठीक आहे, आणि बिबट्या बेशुद्ध अवस्थेत वन खात्याच्या गाडीतून रवाना झाला.

तू पेपरात वाचलंच असशील. सोमवारी दुपारी तीनच्या सुमाराला आपल्या गल्लीत बिबट्या आला. दोन घरं पलीकडच्या बंगल्याच्या पोर्चमध्ये गाडीखाली जाऊन बसला. कुणीतरी "वाघ, वाघ" म्हणून ओरडलं आणि पाच मिनिटांत अख्खी गल्ली गच्च्यांवर. पळताना जो तो होता तसा पळाला. एक स्कूटर रस्त्यात आडवी पडून तिचं चाक फिरत होतं. भाजीवाला गाडी सोडून गेला. चपलांचे जोड तर गल्लीभर. आणि समोरच्या कुसाबाई, ज्या वॉकरशिवाय दोन पावलं टाकत नाहीत, त्या वॉकर जिन्यात सोडून माझ्या पुढे गच्चीवर पोचल्या. उपासाचं अंग हलकं असतं.

गच्चीवर आम्ही सगळे कठड्याला चिकटून बघत होतो. कुणी बोलत नव्हतं, कारण वन खात्याच्या माणसाने पलीकडच्या गच्चीवरून तशी खूण केली होती. पाऊण तास गल्लीत चिटपाखरू नाही, आवाज नाही.

या पाऊण तासात पप्पा झोपेतून उठले.

त्यांच्या कानातलं मशीन उशाशी होतं. ते लावून बाहेर आले. मी घरात नाही. माझा चष्मा टेबलावर, गाऊनवर घ्यायची ओढणी खुर्चीवर पडलेली, गॅसवर कुकर शिट्ट्या देतोय. हाका मारल्या, कुणी ओ देईना. दार सताड उघडं. जिन्यात कुसाबाईंचा वॉकर एकटाच उभा. खिडकीतून गल्लीत बघितलं. आडवी स्कूटर, बेवारस भाजी, चपला. माणूस एक नाही.

त्यांना काय वाटलं असेल ते तुला सांगायला नको. तक्ता फ्रिजवर होताच.

मी खाली आले तेव्हा ते खुर्चीत बसले होते. पायात रविवारचे बूट, कानाला फोन. मला बघितलं आणि फोन खाली ठेवला. माझा हात धरला, दंडापासून मनगटापर्यंत चाचपला. "तू कुठे होतीस?" मी म्हटलं, "गच्चीवर. बिबट्या आलाय." एवढ्यात दारातून कुसाबाई वॉकर शोधत आल्या. पप्पांनी त्यांच्याकडे असं बघितलं, की त्या म्हणाल्या, "काय झालं भाऊ? मी मेले का काय?"

संध्याकाळी चहाच्या वेळी त्यांनी मला सगळं सांगितलं, खाली मान घालून. घाबरले होते, पण त्याहून जास्त त्यांना लागलं होतं. "पन्नास वर्षं मी चर्चची घंटा वाजवली, छाया. एक रविवार चुकला नाही. आणि कुसाबाई गेल्या, मी राहिलो."

मी हसले नाही. हे तुला पटणार नाही, पण खरंच नाही हसले.

फोन कुणाला करत होते हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "लागला नाही." मी त्यांचा फोन चार्जिंगला लावताना बघितला. पहिला कॉल ब्रदर हर्षल, लागला नाही, तो तेव्हा गाडी चालवत होता. दुसरा माझा, तो स्वयंपाकघरातच वाजला असणार. तिसरा लागला होता. सतरा मिनिटं. नंबर 'मनमाड' या नावाने ठेवलेला आहे. माणसाचं नाव नाही, तुझ्या गावाचं.

त्यांनी तुलाच का फोन केला, हे मी दुसऱ्या दिवशी मेथी निवडताना उलगडलं. राग मानू नकोस. जगात कोणी उरलंय का हे बघायला, जो नक्की उरला असेल अशाच माणसाला फोन करावा लागतो. त्यांच्या तक्त्याप्रमाणे कॅथलिक लोक मागेच राहणार होते.

सहा वर्षं त्यांनी तुझं नाव घेतलं नाही. आणि तो नंबर त्यांच्याकडे होता.

मोहिनी, सतरा मिनिटं तुम्ही काय बोललात? मला हे विचारायचा अधिकार नाही हे मला माहीत आहे. तरी विचारते. ऑपरेशनचं नाव काढलं की अजूनही उठून जातात. तीन दिवसांत माझ्याशी फक्त मिठाबद्दल बोलले आहेत.

छाया


शरणपूर रोड
२० जुलै

प्रिय मोहिनी,

मंगळवारी सकाळी पप्पा दाढी करता करता म्हणाले, "डॉक्टरांना विचार, सात वर्षांची बॅटरी मिळते का."

मी माझा टूथब्रश खाली ठेवला. "सातच का?"

"विचार म्हटलं ना."

मला वाटलं, घासाघीस करतायत. बुधवारी तुझं पत्र आलं, चार पानी, आणि मग कळलं. तुझ्याच पत्रातली वाक्यं मी इथे परत उतरवते आहे, कारण ती मला माझ्या अक्षरात एकदा बघायची आहेत.

फोन उचलल्यावर ते म्हणाले, "मोहिनी, तू तिथंच आहेस?"

तू म्हणालीस, "हो पप्पा."

"मला वाटलंच होतं." मग, "पास्कल?"

"आहे. जेवतोय."

"बरं झालं."

तुला आधी वाटलं, कुणीतरी गेलं. मग ते सांगत गेले आणि तुला समजलं की त्यांच्या लेखी सगळेच गेलेत. तिथे तू हसली असतीस तर तुझं काही चुकलं नसतं. तू म्हणालीस, "पप्पा, मागे शिट्टी कसली ऐकू येतेय? आधी गॅस बंद करा." आणि जगाचा शेवट झालेला माणूस उठून स्वयंपाकघरात गेला आणि गॅस बंद करून आला.

"कुसाबाई सुद्धा गेल्या," त्यांनी सांगितलं. तू म्हणालीस, "मग कुसाबाईंचं बरं झालं की."

मग ते म्हणाले, "आता सात वर्षं आहेत, मोहिनी. फार नाहीत. तुम्ही दोघं इकडे या. तिघं मिळून काढू."

आणि पुढे, "तुमच्यात मागे राहिलेल्यांसाठी काही म्हणतात का?"

"आमच्यात सगळ्यांसाठीच म्हणतात, पप्पा."

"मग म्हण."

तू प्रार्थना म्हणत राहिलीस आणि ते ऐकत राहिले. मी जिन्यात येईपर्यंत. ते रविवारचे बूट ऐकता ऐकता घातले असावेत.

म्हणून सात वर्षांची बॅटरी. महासंकटाला पुरेल अशी. आपण एकदा राहिलो म्हणजे परत राहू शकतो, हे त्यांना आता पटलं आहे, आणि तुला सात वर्षांचा शब्द दिलेला आहे. नाडी सदतीस असणाऱ्याला तो पाळता येणार नाही, एवढं गणित त्यांना येतं. मी एक पाळक, एक सिस्टर आणि खुद्द हर्षल वापरून जे करू शकले नाही ते तू "हो, आहे" एवढ्यावर केलंस. डॉक्टर म्हणाले, सातची नसते, दहाचीच येते. पप्पा म्हणाले, "वरच्या तीन वर्षांचं काय करायचं?" डॉक्टर म्हणाले, "काका, ती देवाला परत करा." हे उत्तर पप्पांना फार आवडलं. त्यांनी सही केली. २९ तारीख मिळाली आहे.

आता दोन गोष्टी, ज्या मी आधीच्या पत्रांत लिहिल्या नाहीत.

एक. बिबट्या आला तेव्हा मी पप्पांना उठवलं नाही. विसरले असं मी सोसायटीत सांगितलं. मी विसरले नव्हते. दारापर्यंत गेले, परत वळावं असं मनात आलं, आणि मग वाटलं, उठवायचं, मशीन लावायचं, समजावून सांगायचं, त्यात बिबट्या निघून जाईल. मला बघायचा होता. दार उघडं टाकून मी गच्चीवर गेले. बिबट्या दोन घरं पलीकडे होता. तो इकडेही येऊ शकला असता.

दोन. तुझं बिनसलं ते पप्पांशी नव्हतं, हे तुला ठाऊक आहे आणि मलाही. आई गेली त्या वर्षी तू मनमाडला तिच्यासाठी चर्चमध्ये मिस्सा ठेवलीस, आत्म्याला शांती मिळावी म्हणून, आणि आम्हाला बोलावलंस. पप्पा चिडले. "तुझी आई डायरेक्ट गाडीने गेली. तिला मधल्या स्टँडवर कशाला उतरवता?" असं ते म्हणाले. मेलेल्यांसाठी प्रार्थना करायची नाही, ते प्रभूकडे पोचलेले असतात, हे त्यांच्या हाडात आहे. तुमच्यात माणूस आधी निर्मळ होतो, मग आत जातो, आणि मागच्यांनी त्याला हात द्यायचा असतो. दोघांचंही आईवर प्रेमच होतं. ते भांडण महिन्याभरात मिटलं असतं.

मी त्यावर सदर लिहिलं. 'मधला स्टँड' म्हणून. आईचं नाव नव्हतं, तुझं नव्हतं, पण शुद्ध होण्यासाठी रांगेत उभ्या बायका होत्या, आणि त्यांना पास काढून देणारी मनमाडची एक लेक होती. शहरभर हशा झाला. तीन जणांनी मला फोन करून सांगितलं की हसून डोळ्यांत पाणी आलं. तुझ्या शाळेच्या स्टाफरूममध्ये ते मोठ्याने वाचलं गेलं, हे मला पास्कलरावांच्या एका ओळीच्या मेसेजवरून कळलं, त्यानंतर तू मला ब्लॉक केलंस. आणि पप्पा गप्प झाले, कारण ते वाक्य त्यांचं होतं. त्यांना वाटलं, आपणच केलं. मी त्यांना तसं वाटू दिलं.

मला विनोद सुचला की मी आजूबाजूला कोण आहे ते बघत नाही. हा खुलासा आहे, माफी नाही. माफी मला लिहिता येत नाही असं दिसतंय, तीन कागद फाडले.

२९ ला येशील का? पप्पांनी विचारायला सांगितलं नाही. फक्त दोनदा विचारलं, की मनमाडहून सकाळची गाडी किती वाजता येते.

छाया


शरणपूर रोड
२ ऑगस्ट

प्रिय मोहिनी,

तुला आणि पास्कलरावांना गाडीत बसवून आत्ताच घरी आले. तू अजून निफाडच्या आसपास असशील आणि मी पत्र लिहायला बसले आहे. फोन आता लागतो, तू मला अनब्लॉक केलंस हे मी पाहिलं, त्याबद्दल बोलून तुला लाजवत नाही. पण काही गोष्टी फोनवर सांगितल्या की मी लगेच पुढे कोटी करते, म्हणून हे कागदावर.

पप्पा ठीक आहेत. नाडी सत्तर. "एवढ्या वेगाची सवय नाही," म्हणाले. डावा हात वर करायचा नाही हे त्यांना चौथ्यांदा सांगितलं. येत्या गुरुवारी फेलोशिपला जायचंच म्हणतात. त्यांचा विश्वास जागच्या जागी आहे. प्रभू सात वर्षांच्या आत येईल यावर ते अजूनही ठाम आहेत. फरक एवढाच, की दुपारी झोपून उठले की आधी समोरचं दार वाजवतात आणि कुसाबाई आहेत का बघतात. कुसाबाईंनाही आता याची सवय झाली आहे. आतूनच ओरडतात, "आहे भाऊ, आहे."

पास्कलरावांबद्दल एक सांगायचं राहिलं. तू आंघोळीला गेली होतीस तेव्हा पप्पा त्यांना म्हणाले, "तू पण राहिलास ते बरं झालं." पास्कलरावांना काही कळलं नाही, पण ते म्हणाले, "हो पप्पा, रजा होतीच."

आता मूळ गोष्ट.

ऑपरेशनच्या आधी, खाट न्यायला माणूस येण्यापूर्वी, तू पप्पांचा हात धरून प्रार्थना केलीस. डॉक्टरांसाठी, नर्ससाठी, पप्पांसाठी. मी पण डोळे मिटून होते. आणि मग तू आवाज खाली आणलास आणि म्हणालीस, "आणि आमच्या आईला तुझ्या प्रकाशात विसावा दे."

मी डोळे उघडले. मला पप्पांकडे बघायचं होतं. माझा अंदाज होता, ते हात काढून घेतील. त्यांनी घेतला नाही. ओठ हलले, विचार केल्यासारखे, आणि मग ते त्यांच्या त्या फलाटावरच्या आवाजात म्हणाले, "आमेन." शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी पण म्हटलं, त्या बहुतेक जळगावकडच्या होत्या आणि त्यांना वाटलं, सगळ्यांनी म्हणायचं असतं.

मी आमेन म्हटलं नाही. पडद्याच्या कड्या मोजत उभी राहिले. अकरा होत्या. तू वाट बघितलीस. बघितलीस हे मला दिसलं. मग तू क्रूसाची खूण केलीस आणि पप्पांच्या पायांवर पांघरूण ओढलंस. चार दिवस तू त्याबद्दल एक अक्षर काढलं नाहीस. मीही नाही.

माझा पर्गेटरीवर, त्या मधल्या स्टँडवर, विश्वास नाही, मोहिनी. उचलून नेण्यावर नाही. हजार वर्षं मोजून येणार की चालूच आहेत, यावर सिस्टर आणि हर्षल यांच्यात मला अजून निवड करता आलेली नाही. दोघांनाही एकदा एका टेबलावर बसवून चहा पाजायचा विचार आहे. आई कुठे आहे हे मला माहीत नाही. ती पोचली असेल तर तुझ्या त्या वाक्याने तिचं काही बिघडणार नाही. आणि वाटेत असेल तर कुणी तिचं नाव घेतलेलं तिला आवडेल. एवढा विचार करायला मला सहा वर्षं लागली. सदर लिहायला चाळीस मिनिटं लागली होती.

आज गाडी हलली, तू खिडकीतून हात केलास, मी केला. शेवटचा डबा फलाटाच्या टोकाला पोचेपर्यंत मी उभी होते. मग मी म्हटलं. हळूच म्हटलं, पण ओठांतल्या ओठांत नाही, आवाज काढून.

शेजारी एक हमाल ट्रॉलीवर बसला होता. त्याने विचारलं, "काय म्हणालात ताई?"

मी म्हटलं, "काही नाही. परवा म्हणायचं राहिलं होतं."

तुझी,
ताई